नाव बदलावे, वाट मोडू नये : हॅश टेबलच्या लायब्ररींतील नामसंकेतांची चिकित्सा

प्रास्ताविक

सुरतेच्या दक्षिणेला असलेले सचिन हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. १९४८ पर्यंत याच नावाचे एक छोटे संस्थान येथे होते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाने पेशव्यांशी तह करून जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि १७९१ मध्ये हे संस्थान उभे राहिले. या संस्थापकाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला तो काही ठिकाणी 'बाळू मियाँ' म्हणून भेटतो, तर काही ठिकाणी 'अब्दुल करीम याकूत खान' म्हणून. पुढे त्याच गादीवर 'इब्राहीम' नावाचे तीन नवाब होऊन गेले. म्हणजे एका माणसाची दोन नावे आणि एका नावाची तीन माणसे! सूची तयार करणाराने या दोन्ही गोष्टींची आधीच व्यवस्था केली नाही, तर शोधणारा रिकाम्या हाताने परत जातो किंवा भलत्याच माणसापर्यंत पोहोचतो.

संगणकाच्या अभ्यासक्रमात शिकवल्या जाणाऱ्या 'हॅश टेबल' या रचनेपुढे हाच प्रश्न दोन पातळ्यांवर येतो. पहिली पातळी आत साठवलेल्या नावांची, दुसरी त्या रचनेला आणि तिच्या मेथडना दिलेल्या नावांची. दुसऱ्या पातळीकडे आपल्या महाविद्यालयांत फारसे लक्ष दिले जात नाही. नाव म्हणजे वरचे लेबल, खरे महत्त्व आतल्या गणिताला, अशी एक समजूत असते. प्रस्तुत लेखात काही प्रसिद्ध लायब्ररींच्या नामसंकेतांची तपासणी करून ही समजूत कितपत टिकते ते पाहावयाचे आहे.

हॅश टेबलचे स्वरूप

हॅश टेबल म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा साठा. विद्यार्थ्याचे नाव ही किल्ली मानली, तर त्याचा हजेरी क्रमांक हे मूल्य होईल. किल्लीवर एक ठरावीक गणित चालवून एक अंक काढला जातो आणि त्या अंकावरून जोडी कोणत्या खणात ठेवायची ते ठरते. शोधताना तेच गणित पुन्हा चालवतात आणि थेट त्या खणाशी जातात. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली. 'हॅश' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बारीक चिरणे, म्हणजे आपल्याकडचा खिमा. किल्लीचा खिमा करून त्यातून अंक काढायचा, अशी ही रीत आहे.

या रचनेचे एक वैशिष्ट्य शिक्षकांनी आवर्जून सांगितले पाहिजे. कागदी रजिस्टरमध्ये 'मुहम्मद' सापडला नाही, तर नजर आपोआप दोन ओळी वरखाली फिरते आणि 'मोहम्मद' सापडतो. हॅश टेबलला असे शेजार नसतात. एक मात्रा बदलली की अंक पार बदलतो आणि शोध दुसऱ्याच खणात जातो. उत्तर येते ते 'नोंद नाही' एवढेच. जिथे शेजार नाही तिथे नावाची जबाबदारी वाढते.

यंत्रणेचे नाव आणि कामाचे नाव

या रचनेला वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळी नावे दिली. पर्लने आणि रुबीने 'हॅश' म्हटले, पायथनने 'डिक्ट' म्हणजे शब्दकोश म्हटले, तर जावाने १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत 'हॅशटेबल' म्हटले. पैकी 'शब्दकोश' हे कामाचे नाव आहे: शब्द द्या, अर्थ घ्या. 'हॅश' हे यंत्रणेचे नाव आहे. वापरणाऱ्याला आत खिमा होतो की आणखी काही, याच्याशी कर्तव्य नसते. उद्या आतली यंत्रणा बदलली, तर 'शब्दकोश' हे नाव खरेच राहील, 'हॅश' हे नाव खोटे पडेल. या कसोटीवर पायथनची निवड उजवी ठरते.

सीप्लसप्लसची अडचण निराळी होती. प्रमाणित लायब्ररीत ही रचना येण्यापूर्वीच अनेक पुरवठादारांनी 'हॅश-मॅप' या नावाने आपापल्या आवृत्त्या काढल्या होत्या. तेच नाव घेतले असते तर जुन्या प्रोग्रामशी टक्कर झाली असती. म्हणून २०११ च्या प्रमाणात 'अनऑर्डर्ड-मॅप' हे नाव आले, म्हणजे 'क्रम नसलेला मॅप'. हे नाव वस्तूत काय नाही एवढेच सांगते. तरीही ते निवडण्यामागची भूमिका समंजस होती: दुसऱ्याच्या चालू कामावर आपले नाव लादायचे नाही.

यंत्रणेने नावावर कुरघोडी केल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पीएचपीचे आहे. या भाषेचे जनक रास्मुस लेरडॉर्फ यांनी २०१३ मध्ये एका चर्चेत सांगितले, की अगदी सुरुवातीच्या पीएचपीमध्ये फंक्शनांच्या नावांची यादी हॅश टेबलमध्ये होती आणि हॅशचे गणित म्हणजे नावातील अक्षरांची संख्या, एवढेच होते. नावे सर्व खणांत सारखी विखुरली जावीत म्हणून ती मुद्दाम कमीजास्त लांबीची ठेवली गेली. खणांची सोय व्हावी म्हणून माणसांच्या तोंडची नावे ठरली! ते गणित केव्हाच बदलले. ती नावे मात्र मागे राहिली आणि ती तशी का, हे न कळता नंतरच्या विद्यार्थ्यांनी पाठ केली.

जावा : जुने न काढण्याची किंमत

जावाच्या 'हॅशटेबल'मध्ये पहिल्यापासूनच काही दोष होते. हे दोन शब्दांचे नाव आहे. जावाच्या स्वतःच्या संकेताप्रमाणे दुसऱ्या शब्दाचे आद्याक्षर मोठे हवे होते. येथे ते लहान राहिले. नंतर आलेल्या 'हॅशमॅप'मध्ये ते मोठे आहे. दोन्ही नावे एकाच तासाला शिकणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो आणि चूक स्वतःची मानतो.

याहून गंभीर दोष 'कंटेन्स' या मेथडचा आहे. 'कंटेन्स' म्हणजे 'आत आहे का?' पण काय आहे का, किल्ली की मूल्य? नाव ते सांगत नाही. जावाच्या हॅशटेबलमध्ये ही मेथड मूल्य शोधते. पायथनमध्ये 'इन' हा शब्द डिक्टवर वापरला तर किल्ली शोधली जाते. रुबीतील 'इन्क्लूड'सुद्धा किल्लीच शोधते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणारा विद्यार्थी नावावर विश्वास ठेवून नेमका उलटा प्रश्न विचारतो. प्रोग्राम थांबत नाही, चुकीचा संदेशही येत नाही, फक्त उत्तर खोटे येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यासारखी वाईट चूक नाही.

डिसेंबर १९९८ मध्ये जावाच्या १.२ आवृत्तीत जोशुआ ब्लॉक यांच्या आराखड्यानुसार संग्रहांची सगळी मांडणी नव्याने झाली. आधीपासून असलेल्या 'कंटेन्स-की'च्या जोडीला 'कंटेन्स-व्हॅल्यू' हे स्पष्ट नाव आले. एकेक नोंद पुढे नेण्यासाठी पूर्वी 'हॅज-मोअर-एलिमेंट्स' आणि 'नेक्स्ट-एलिमेंट' अशी लांबलचक नावे होती, त्यांच्या जागी 'हॅज-नेक्स्ट' आणि 'नेक्स्ट' ही सुटसुटीत नावे असलेली नवी रचना आली. हे काम उत्तम झाले यात वाद नाही. परंतु जुने काहीही काढले गेले नाही. 'हॅशटेबल' आजही आहे आणि त्यावर कालबाह्यतेचा अधिकृत शिक्काही नाही. २००४ मध्ये आलेल्या 'कंकरंट-हॅशमॅप' या नव्या वर्गातही संदिग्ध 'कंटेन्स' जुन्या प्रोग्रामच्या सोयीसाठी पुन्हा घेतले गेले. जुन्याची अदब राखता राखता जुना दोष नव्या घरात आला, असे येथे म्हणावे लागते. या धोरणाने एकाही जुन्या प्रोग्रामची वाट मोडली नाही, हे त्याचे श्रेय. नवशिक्यापुढे दोन वाटा ठेवल्या आणि कोणती धरावी याची पाटी लावली नाही, हे त्याचे अपश्रेय.

रुबीतही असेच झाले आहे. किल्ली आहे का, या एकाच प्रश्नासाठी तेथे 'हॅज-की', 'की', 'इन्क्लूड' आणि 'मेंबर' अशी चार नावे आहेत. चारही एकच काम करतात. लिहिणाऱ्याला ही श्रीमंती वाटते. पण वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून, यात काही फरक तर नाही ना, अशी खात्री करावी लागते.

पायथन : जुने काढण्याची किंमत

पायथनने उलट मार्ग धरला. डिक्टमध्ये किल्ली शोधण्यासाठी पूर्वी 'हॅज-की' ही मेथड होती. २००१ च्या २.२ आवृत्तीत त्याच कामासाठी 'इन' हा शब्द आला आणि डिसेंबर २००८ च्या ३.० आवृत्तीत 'हॅज-की' काढून टाकली गेली. मधल्या सात वर्षांत दोन्ही चालत होती. शिवाय जुना प्रोग्राम नव्यात बदलून देणारे 'टू-टू-थ्री' हे साधनही देण्यात आले. जुन्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० पर्यंत चालू राहिला. नाव कसे बदलावे याचा हा जवळजवळ आदर्श नमुना मानता येईल. नवे नाव आधी यावे, जुने काही काळ सोबत राहावे, बदलाचे साधन हाती द्यावे आणि मगच जुने काढावे. जुने नाव वापरले तर प्रोग्राम तेथेच थांबतो आणि अशी मेथड नाही असे सांगतो. चूक लपत नाही.

मात्र त्याच आवृत्तीत झालेला दुसरा बदल इतका सरळ नव्हता. 'कीज' ही मेथड पूर्वी सर्व किल्ल्यांची स्वतंत्र यादी देत असे. ३.० पासून ती त्याच साठ्यावर उघडणारी खिडकी देते. नाव तेच राहिले, वचन बदलले. पूर्वी किल्ल्यांवरून एकेक करीत पुढे जाताना नको त्या नोंदी काढता येत, कारण हातात वेगळी यादी असे. आता तीच ओळ अर्ध्यावर बंद पडते, कारण पाहता पाहता साठ्याचा आकार बदललेला असतो. दोन नोंदींवर चाचणी घेणाऱ्याला, त्यांतील एकही काढायची नसेल, तर हा दोष दिसतही नाही. नाव बदलणे त्रासाचे असते, पण नाव तेच ठेवून अर्थ बदलणे अधिक धोक्याचे असते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

येथे 'रीफॅक्टरिंग' या शब्दाचीही तपासणी व्हावयास हवी. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील पुस्तकामुळे हा शब्द रूढ झाला. बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता आतील मांडणी सुधारणे, असा त्याचा अर्थ. परंतु सर्वांना वापरासाठी खुली असलेली मेथड हीच बाहेरची बाजू आहे. तिचे नाव बदलणे म्हणजे भिंतीचा रंग नव्हे, तर दाराची जागा बदलणे आहे. लायब्ररीच्या आतल्या नावांबाबत लेखक मोकळा आहे. बाहेरच्या नावांबाबत तो वापरणाऱ्यांना बांधलेला आहे.

राज्यव्यवहारकोशाचा दाखला

नावे बदलण्याचा असा पद्धतशीर प्रयत्न मराठीला नवा नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. रघुनाथपंत हणमंते यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. कारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा पद्यबद्ध कोश राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग अशा दहा वर्गांत मांडलेला आहे. मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला, सरनौबत सेनापती झाला आणि पेशवा प्रधान झाला.

हॅश टेबलच्या दृष्टीने पाहता या कोशाची रचनाच महत्त्वाची आहे. जुना शब्द ही किल्ली आणि नवा शब्द हे मूल्य. म्हणजे जुने पुसण्यासाठी केलेल्या ग्रंथानेच जुने जपून ठेवले. ज्याच्या हाती जुना कागद होता, त्याला या कोशावरून नव्या नावापर्यंत पोहोचता येत होते. बदलाचे साधन बदलासोबतच दिले गेले होते.

पुढे काय झाले? 'सेनापती' आणि 'सचिव' आजच्या मराठीत सहज वावरतात. 'पेशवा' मात्र हटला नाही. अठराव्या शतकात पेशव्यांच्या मुद्रेवर 'मुख्य प्रधान' कोरलेले असे आणि लोकांच्या तोंडी 'पेशवा' असे. मुद्रा आणि जीभ यांनी दोन नावे शेवटपर्यंत सोबत चालवली. मुजुमदार आडनाव होऊन उरला. चिटणीसही आडनाव झाला आणि शिवाय 'सरचिटणीस' या रूपात आजच्या राजकीय पक्षांतही टिकला. एखाद्या संस्थेत सचिव आणि दुसऱ्या संस्थेत सरचिटणीस असतो, आणि कोणाचेही अडत नाही. नवे नाव हुकमाने आणता येते, जुने नाव हुकमाने जात नाही. ते वापरणारा शेवटचा माणूस ते सोडतो तेव्हाच जाते. भाषेत याला वेळेची मर्यादा नसते. लायब्ररीत ती घालावी लागते, आणि ती किती असावी हा लेखकाच्या न्यायबुद्धीचा प्रश्न आहे.

ठेवताना जे केले ते शोधताना

मेथडच्या संकेतांत नावाइतकेच वर्तनालाही महत्त्व आहे. किल्ली सापडली नाही तर काय करावे? जावाच्या हॅशमॅपमध्ये 'गेट' ही मेथड 'नल' देते, पण तेथे 'नल' हे साठवलेले मूल्यही असू शकते. म्हणजे 'नोंद नाही' आणि 'नोंद आहे पण कोरी आहे' यांतला भेद केवळ 'गेट'ने कळत नाही. पायथनमध्ये चौकटी कंसाने मागितल्यास चूक जाहीर होते, 'गेट'ने मागितल्यास मुकाट रिकामे उत्तर मिळते. दोन नावे, दोन वर्तने, हे योग्यच आहे. सीप्लसप्लसमध्ये मात्र चौकटी कंसाने नुसते विचारले तरी नसलेल्या किल्लीची नवी नोंद तयार होते. चौकशीला गेलेला माणूस स्वतःच्या नावाची नोंद करून परत येतो, तसा हा प्रकार आहे.

उर्दू आणि मराठी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा मुद्दा थेट जिव्हाळ्याचा होतो. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एकाच मुलाचे नाव एका दाखल्यावर 'शेख', दुसऱ्यावर 'शैख' असे येऊ शकते. उर्दूत तर डोळ्यांना दिसणारही नाही असा फरक पडतो. अरबी कळफलकावरचे 'काफ' आणि 'ये' यांना युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे, उर्दू कळफलकावरच्या त्याच अक्षरांना दुसरा. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये ती सारखीच दिसतात, पण हॅशच्या लेखी ती वेगळी असतात. देवनागरीत नुक्ता असलेला 'ज़' हा एका क्रमांकानेही लिहिता येतो आणि 'ज'पुढे नुक्ता देऊनही. युनिकोडचे प्रमाणीकरण 'ज़'ची दोन रूपे एक करते. दोन 'काफ' मात्र ते एक करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. तो नियम लायब्ररी वापरणाऱ्यालाच लिहावा लागतो.

हा नियम कोठे लिहावा, हाही संकेताचाच प्रश्न आहे. 'पुट' करताना नाव प्रमाणित केले आणि 'गेट' करताना केले नाही, तर नोंद आत असूनही सापडत नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत अशी एक नोंद हरवली, तर यंत्राला त्याचे काही नसते, त्या मुलाचे वर्ष जाते. म्हणून ठेवताना किल्लीवर जे केले तेच शोधताना आणि काढतानाही झाले पाहिजे, आणि ते एकाच ठिकाणी लिहिलेले असले पाहिजे. मूळ लेखनही पुसून टाकू नये. प्रमाणित रूप किल्ली म्हणून आणि घरच्यांनी लिहिलेले रूप मूल्यात, अशी दोन्ही ठेवावीत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नाव आतल्या यंत्रणेवरून न देता वापरणाऱ्याच्या कामावरून द्यावे. 'आत आहे का' याऐवजी 'किल्ली आहे का' हे नाव केव्हाही चांगले. दुसरी, नाव बदलताना जुने आणि नवे काही काळ सोबत चालावे, बदलाचे साधन द्यावे आणि जुने केव्हा जाणार ते सांगावे. जावाने सोबत चालवले पण शेवट सांगितला नाही. पायथनने शेवट सांगितला, पण 'कीज'च्या बाबतीत नाव न बदलता अर्थ बदलला. तिसरी, सारखे नाव असलेल्या मेथडने सर्वत्र सारखे वचन पाळावे.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने यातून एक काम समोर येते. जुन्या क्रमिक पुस्तकांत 'हॅज-की' छापलेले असते आणि प्रयोगशाळेतील संगणक ते नाकारतो. अशा वेळी विद्यार्थ्याला 'हे चुकीचे आहे' एवढेच सांगून थांबू नये. हे पूर्वी बरोबर होते, अमुक वर्षी बदलले आणि अमुक कारणाने बदलले, हेही सांगावे. वर्गात एक दोन स्तंभांचा तक्ता लावावा: डावीकडे जुने नाव, उजवीकडे नवे. मराठी-उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी तिसऱ्या स्तंभात त्या नावाचा त्याच्या भाषेतील अर्थ असावा. इंग्रजी नाव त्याच्यासाठी केवळ पाठ करण्याचा आवाज असेल, तर 'कंटेन्स'मधली संदिग्धता त्याच्या लक्षात येणारच नाही. अर्थ कळला तर तो स्वतःच विचारील, 'पण काय आहे का आत?' हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर नामसंकेतांचा धडा त्याला समजला असे मानण्यास हरकत नाही.